हातमोजेवाल्याचा मुलगा आणि दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: शेक्सपिअर विद्यापीठात गेला नाही, एका बाजारगावच्या शाळेत जेमतेम शिकला. मग त्याच्या पुढच्या यशात घराचा आणि शाळेचा वाटा किती, आणि उपजत प्रतिभेचा किती?

नाटकं बसवण्यात आणि नाट्यलेखन शिकवण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. प्रतिभा मोजायचं माप मला अजून सापडलेलं नाही, त्यामुळे त्या भागाचं उत्तर मी देणार नाही. पण ‘जेमतेम शिकला’ याला माझा आक्षेप आहे. हा समज पसरायला बऱ्याच अंशी त्याच्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन कारणीभूत. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह १६२३ साली निघाला. त्यातल्या कवितेत जॉन्सननं त्याची तोंडभरून स्तुती केली आणि जाता जाता त्याचं लॅटिन थोडकं, ग्रीक त्याहून थोडकं, असंही लिहून ठेवलं. जॉन्सन स्वतः लॅटिन कोळून प्यायलेला. त्याच्या लेखी जे थोडकं, ते आजच्या लॅटिनच्या पदवीधरालाही झेपणार नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. त्या वर्षांचे शाळेचे हजेरीपट शिल्लक नाहीत. विल्यम त्या बाकावर बसला होता असं सांगणारा कागद नाही. पण स्ट्रॅटफर्डच्या किंग्ज न्यू स्कूलला १५५३ मध्ये राजाची सनद मिळाली होती, गावच्या प्रतिष्ठितांच्या मुलांना तिथं फी नव्हती, आणि विल्यमचा बाप जॉन गावच्या कारभाऱ्यांपैकी एक होता. शाळा घरापासून चालत काही मिनिटांवर. शिवाय त्याची नाटकं वाचताना त्या शाळेची पुस्तकं पानोपानी डोकावतात. एवढा पुरावा मला पुरतो.

शाळा कशी होती? गिल्डहॉलच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या माडीवर वर्ग भरायचा. अशा शाळांत मुलगा सातव्या वर्षाच्या आसपास यायचा, अक्षरओळख आधीच झालेली असायची. उन्हाळ्यात सकाळी सहाला, हिवाळ्यात सातला सुरू, संध्याकाळी पाचपर्यंत, आठवड्याचे सहा दिवस. छडी होतीच. मास्तरांना वर्षाला २० पौंड आणि राहायला घर मिळे. त्या काळी शाळामास्तराला हा पगार घसघशीतच होता, त्यामुळे माणसंही चांगली मिळत. विल्यमच्या वयाशी जुळणाऱ्या वर्षांत तिथं शिकवणारे टॉमस जेंकिन्स आणि जॉन कॉटम हे दोघंही ऑक्सफर्डचे पदवीधर. म्हणजे तो ऑक्सफर्डला गेला नाही हे खरं, पण ऑक्सफर्डचे थोडे शिंतोडे त्याच्यापर्यंत आले होते.

आणि विषय? एकच, लॅटिन. गणित, भूगोल, विज्ञान नाही. ज्या भाषेत तो पुढं लिहिणार होता ती इंग्रजीसुद्धा विषय म्हणून नाही. सगळीकडे राजाज्ञेनं ठरवून दिलेलं एकच व्याकरण, लिलीचं, आणि ते पाठ करायचं. नुसती घोकंपट्टी. तिची खिल्ली त्यानं स्वतःच उडवली आहे. ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये एक प्रवेश आहे, कथानकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. एक वेल्श मास्तर विल्यम नावाच्याच पोराची (नाव बघा) रस्त्यात उभ्या उभ्या तोंडी परीक्षा घेतो. ‘लापिस म्हणजे काय?’ ‘दगड.’ ‘आणि दगड म्हणजे काय?’ पोरगा म्हणतो, ‘गोटा.’ मास्तर वैतागतो, कारण त्याला उत्तर हवं होतं ‘लापिस’. लॅटिनचं इंग्रजी करायचं आणि त्या इंग्रजीचं परत लॅटिन, ही तेव्हाच्या वर्गातली रोजची कसरत होती. विनोद कळायला ती कसरत केलेली असावी लागते. प्रेक्षकांतल्या कित्येकांनी ती केली होती, म्हणून हशा पिकायचा.

पण या प्रवेशात मला विनोदापेक्षा जास्त काही दिसतं. पोरगा चुकलेला नाही. त्यानं दगडाला दुसरा शब्द दिला. शाळेत वरच्या वर्गात गेल्यावर नेमकी हीच गोष्ट शिकवायचे.

इरॅस्मस या डच विद्वानानं शाळांसाठी भाषेच्या विपुलतेवर एक पाठ्यपुस्तक लिहिलं होतं, आणि इंग्लंडच्या ग्रामर स्कूलांत, म्हणजे अशाच लॅटिनच्या शाळांत, ते चांगलंच रुळलं होतं. त्यात ‘तुझ्या पत्रानं मला फार आनंद झाला’ हे एकच लॅटिन वाक्य तो दीडशेच्या आसपास तऱ्हांनी लिहून दाखवतो. क्रियापद बदलून, रूपक घालून, उलट्या अंगानं, अतिशयोक्ती करून. मुलांनीही तसं करायचं. तुम्ही कधी हे करून पाहिलं आहे का? पहिली दहा वाक्यं सहज येतात. पंधराव्याला घाम फुटतो. पंचविसाव्याच्या पुढं भाषा काहीतरी वेगळं करायला लागते, कारण नेहमीचं सगळं संपलेलं असतं. त्याच्या नाटकांतल्या फॉलस्टाफ या थापाड्याचा चक्रवाढ दराचा थापेबाजपणा ऐकताना किंवा दुसऱ्या रिचर्डला तुरुंगात एकाच कल्पनेला वीस बाजूंनी कुरतडताना पाहिलं, की मला शाळेतल्या या कसरतीची वही दिसते.

आता खरा मुद्दा. माझ्या मते शाळेनं त्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट शब्दसंपत्ती नाही. दुसऱ्याच्या तोंडून बोलायची सवय ही ती गोष्ट.

वक्तृत्वाच्या अभ्यासक्रमात एक ठरलेला धडा असे: पुराणातली किंवा इतिहासातली एखादी व्यक्ती घ्या, तिला एका विशिष्ट क्षणी उभी करा आणि त्या क्षणी ती काय बोलेल ते लिहा. मुलं मेलेली पाहून नायोबी काय म्हणेल? ट्रॉय जळताना म्हातारी राणी हेक्युबा काय म्हणेल? ओव्हिड या रोमन कवीनं तर टाकून दिलेल्या स्त्रियांची पत्रंच पद्यात लिहिली आहेत, आणि तीही वाचून घेतली जात. म्हणजे बारा-तेरा वर्षांचा पोरगा, ज्याच्या वर्गात एकही मुलगी नाही, तो भर वर्गात बसून नवऱ्यानं सोडलेल्या बाईचा आक्रोश लिहितो आहे. तोही असा की वाचणाऱ्याचा घसा दाटून यावा. आवाज तिचा वाटायला हवा, बातमी दिल्यासारखं नको.

हे नाट्यलेखनच झालं. फक्त त्याला तसं कुणी म्हणत नव्हतं.

याच्या खुणा नाटकांत उघड आहेत. ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’त मुलाच्या वेषातली ज्युलिया एक आठवण रचून सांगते: सणाच्या खेळात आपण थिसियसनं टाकलेल्या अरियाड्नीचं काम केलं आणि बघणारी बाई रडली. हॅम्लेट तर एका नटाला हेक्युबाचं दुःख बोलताना डोळ्यांत पाणी आणताना पाहतो आणि हादरून विचारतो, याला हेक्युबा कोण, आणि हा हेक्युबाचा कोण, की यानं तिच्यासाठी रडावं? जगातल्या सगळ्यात गाजलेल्या नाटकातला हा कळीचा प्रश्न शाळेच्या बाकावर बसलेल्या कुठल्याही पोराला पडू शकला असता.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजू म्हणजे दोन्ही बाजूंनी भांडणं. एकच वाद घ्यायचा, आधी एका पक्षातर्फे बोलायचं, मग दुसऱ्या, आणि दोन्ही वेळा जिंकायचं. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये सीझरच्या प्रेतापाशी आधी ब्रुटस बोलतो, मग अँटनी. ब्रुटस गद्यात, मोजून-मापून, तर्कावर भिस्त ठेवून. अँटनी पद्यात, थांबत, रडत, मृत्युपत्र दाखवून परत लपवत. तालमीत मी नटांना हा प्रवेश दोन्ही बाजूंनी करायला लावतो, आणि दर वेळी ब्रुटस करणाऱ्याला वाटतं की आपलंच बरोबर होतं. लेखक कुठल्या बाजूला आहे ते समजत नाही. शिकवताना माझ्यापुढं नेहमी उलट अडचण असते. नवा लेखक नायकाला सगळी चांगली वाक्यं देतो आणि खलनायकाला नुसते टोमणे. मग मी सांगतो, पुढच्या आठवड्यात हाच प्रवेश खलनायकाचा वकील होऊन लिहून आणा. निम्मे लोक पुढच्या आठवड्याला येत नाहीत. शेक्सपिअरला न यायची सोय नव्हती, छडी होती.

पुस्तकांबद्दल थोडं. प्लॉटस आणि टेरेन्स या रोमन विनोदी नाटककारांचे पाठ शाळांत असत. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ प्लॉटसच्या जुळ्या भावांच्या नाटकावर बेतलेलं आहे. प्लॉटसकडे जुळ्यांची एक जोडी. शेक्सपिअरनं नोकरांचीही जुळी जोडी घातली, म्हणजे गोंधळ दुप्पट नाही, चौपट. त्याला स्वतःलाही १५८५ मध्ये जुळं झालं होतं, पण त्यावरून फार निष्कर्ष काढण्यात मला रस नाही.

ओव्हिड मात्र त्यानं आयुष्यभर सोडला नाही. ‘टायटस अँड्रॉनिकस’ या सुरुवातीच्या रक्तबंबाळ नाटकात ओव्हिडचं पुस्तक चक्क रंगमंचावर येतं. जीभ आणि हात कापलेली लॅव्हिनिया ते उलटपालट करून फिलोमेलाच्या, म्हणजे अत्याचार करून जीभ कापलेल्या बाईच्या गोष्टीचं पान उघडते आणि आपल्यावर काय गुदरलं ते बापाला कळवते. शाळेचं पुस्तक, आणि त्याचा असा वापर! त्याच नाटकात होरेस या रोमन कवीची एक ओळ ऐकून त्या बाईवर अत्याचार करणाऱ्यांपैकी एक जण म्हणतो, ही ओळ मला माहीत आहे, व्याकरणाच्या पुस्तकात वाचली होती. ओळ ओळखली, तिच्यातली धमकी मात्र त्याच्या डोक्यावरून गेली. आणि कारकिर्दीच्या दुसऱ्या टोकाला, १६११ च्या आसपास, ‘टेम्पेस्ट’मधला प्रॉस्परो जादू सोडताना जे भाषण करतो ते ओव्हिडच्या मेडिया या चेटकिणीच्या मंत्रावरून उचललेलं आहे. आर्थर गोल्डिंगचं १५६७ चं इंग्रजी भाषांतर त्याच्या हाताशी होतं, पण काही शब्दांवरून दिसतं की मूळ लॅटिनही समोर किंवा डोक्यात होतं. ओव्हिड शाळेत भेटला तेव्हापासून पस्तीसेक वर्षं लोटली होती.

शाळेनं आवाज दिला, पण बोलायला माल कुठून आला? घरातून, हेन्ली स्ट्रीटवरून.

जॉन शेक्सपिअर हातमोजे करणारा, मऊ कातडी कमावणारा कारागीर. घरातच कारखाना. ‘ट्वेल्थ नाइट’मधला विदूषक म्हणतो, चतुर माणसाच्या हाती वाक्य म्हणजे करडाच्या कातड्याचा हातमोजा, आतली बाजू बाहेर करायला किती वेळ लागतो! ही उपमा पुस्तकातून येत नाही. विंडसरच्या नाटकात एकाच्या दाढीची तुलना हातमोजेवाल्याच्या कातडं खरवडायच्या गोल सुरीशी केली आहे. हॅम्लेट कबरस्तानात विचारतो, दस्तऐवजाचा चर्मपत्र मेंढीच्या कातड्याचा असतो ना? होरेशिओ सांगतो, वासराच्याही. आणि कबर खणणारा हिशेब देतो की कातडी कमावणाऱ्याचं प्रेत नऊ वर्षं टिकतं, कारण धंद्यानं त्याचं स्वतःचंच कातडं कमावलं गेलेलं असतं.

जॉनचा एक चोरटा जोडधंदाही होता, लोकरीचा. परवाना नसताना लोकर खरेदी केल्याबद्दल आणि सावकारीबद्दल १५७० ते १५७२ च्या दरम्यान त्याच्यावर खटले झाले. ‘विंटर्स टेल’मधला भोळा मेंढपाळपुत्र एकटाच रस्त्यात हिशेब करत येतो: अकरा मेंढ्यांमागं एक टॉड (हे लोकरीचं वजन) लोकर, टॉडला एक पौंड आणि वर एक शिलिंग, पंधराशे मेंढ्या भादरल्या, तर किती? मग म्हणतो, मोजायच्या सोंगट्या नसतील तर मला नाही जमायचं. (उत्तर साधारण १४३ पौंड येतं. मी कागद घेऊन काढलं.) हा भाव लेखकानं लहानपणी घरात ऐकला असणार, असं म्हणायला मी कचरत नाही.

जॉनला लिहिता येत होतं का यावर वाद आहे. कागदांवर तो सही न करता निशाणी करायचा. आई मेरी आर्डन ही विल्मकोटच्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या आठ मुलींतली धाकटी, जमीन घेऊन आलेली. विल्यमच्या आधीच्या दोन मुली बाळपणीच गेल्या. त्याचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ चा, आणि त्याच उन्हाळ्यात गावात प्लेग शिरला. दोनशेवर माणसं गेली. तो वाचला. अशा घरात पहिला जगलेला मुलगा काय भावात वाढला असेल ते सांगायला नको.

बापाची चढती कमान होती. गावच्या बिअरची प्रत तपासणारा, मग शिपाईगिरी, खजिनदारी, आणि १५६८ मध्ये बेलिफ, म्हणजे नगराध्यक्षच. त्याच वर्षाच्या कारकिर्दीत फिरत्या नाटक मंडळ्यांना नगराच्या तिजोरीतून बिदागी दिल्याच्या नोंदी आहेत: राणीच्या मंडळीला ९ शिलिंग, वूस्टरच्या अर्लच्या मंडळीला एक शिलिंग. रिवाज असा की मंडळी आधी नगराध्यक्षापुढं प्रयोग करी, मगच तिला गावात खेळायची मुभा. प्रयोग गिल्डहॉलमध्ये होई. विल्यम तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. आता इमारत आठवा: खाली नाटक, माडीवर शाळा. दोन वर्षांनी तो जिथं लॅटिन घोकायला जाणार होता, त्याच्या जमिनीखालीच नट तोंडं रंगवून उभे होते. पुढं त्याच्या सगळ्या शाळकरी वयात मंडळ्या येतच राहिल्या. शिवाय वीसेक मैलांवरच्या कव्हेंट्रीत बायबलमधल्या प्रसंगांची जुनी नाटकं १५७९ पर्यंत होत होती. आरडाओरड करणाऱ्या नटाला हॅम्लेट ‘हेरॉडवर ताण’ म्हणून झाडतो, तो हेरॉड त्या नाटकांतला राजा.

मग घसरण. १५७६ च्या सुमारास जॉननं नगरमंडळाच्या सभांना जाणं सोडलं. १५७८ मध्ये मेरीची जमीन गहाण पडली आणि ती घराण्याला परत मिळालीच नाही. १५८६ मध्ये त्याच्या जागी दुसरा माणूस नेमला गेला. विल्यम तेव्हा बारा ते बावीस वर्षांचा. विद्यापीठाचा रस्ता बहुधा इथंच बंद झाला. अठराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत मुलगी, विसाव्या वर्षी जुळं. लग्न झालेल्या माणसाला विद्यापीठात तसाही थारा नव्हता.

चरित्रकार या घसरणीतून त्याच्या नाटकांतले पदच्युत राजे आणि हरवलेल्या मालमत्ता उकलून काढतात. मी तितका लांब जात नाही. पण एक गोष्ट कागदोपत्री आहे. घराण्याला मानचिन्ह मिळावं म्हणून बापानं सुरू केलेला आणि अर्धवट सोडलेला अर्ज १५९६ च्या ऑक्टोबरात मंजूर झाला. तेव्हा लंडनमध्ये पैसे मिळवत होता तो मुलगा. पुढच्याच वर्षी त्यानं स्ट्रॅटफर्डमधलं दोन नंबरचं मोठं घर विकत घेतलं. ज्या गावात बाप घेणेकऱ्यांना चुकवून फिरला, त्याच गावात. तो पैशाचा हिशेब ठेवणारा, नाटक कंपनीत भागीदारी घेणारा लेखक होता, नुसता मानधनावर जगणारा नव्हे. याचं मूळ मला हेन्ली स्ट्रीटवर दिसतं.

विद्यापीठात न जाण्यानं नुकसान झालं का? १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन या केंब्रिजच्या पदवीधरानं त्याला आमची पिसं लावून मिरवणारा उपटसुंभ कावळा म्हटलं. मत्सर होता, पण मुद्दाही होता: हा नट असून लिहितो! मला वाटतं तोच त्याचा फायदा झाला. पदवीधर लेखक नाटक लिहून मंडळीला विकायचे, हा मंडळीत राहून लिहायचा. कुठल्या नटाला कुठलं वाक्य पेलेल ते त्याला माहीत होतं. १५८५ नंतर सात वर्षं त्याच्याबद्दल फारसं काही हाती लागत नाही. ती वर्षं मी त्याचं कॉलेज समजतो.

आणि हातमोजेवाल्याच्या पोराला हे लिहिणं शक्यच नाही, म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: शेक्सपिअरच्याच वर्षी जन्मलेला नाटककार मार्लो कँटरबरीच्या मोच्याचा मुलगा. दुसरा नाटककार किड कागद लिहिणाऱ्या कारकुनाचा. जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी, आणि जॉन्सनही विद्यापीठात शिकलेला नाही. मार्लो केंब्रिजला गेला, पण तोही आधी अशाच एका शाळेत बसला होता. कारागिरांची मुलं आणि लॅटिनच्या शाळा, हे त्या पिढीचं सरसकट चित्र आहे.

शाळेनं सगळं केलं असंही नाही. त्या वर्गात बाकीची मुलंही तीच वाक्यं फिरवत होती. त्याचे धाकटे भाऊही बहुधा तिथंच शिकले. गिल्बर्ट व्यवहारात पडला, एडमंड लंडनला येऊन नट झाला आणि १६०७ मध्ये ऐन तरुणपणी गेला. दोघांनीही लिहिलेलं एकही नाटक आपल्याकडे नाही. पण शाळा काढून घेतली तर काय उरतं तेही त्याच घरात बघायला मिळतं. मुलींना ग्रामर स्कूलला प्रवेश नव्हता. १६११ मध्ये, ज्या सुमाराला बाप प्रॉस्परोच्या तोंडी ओव्हिड घालत होता, त्याची सव्वीस वर्षांची मुलगी ज्युडिथ गावातल्या एका खरेदीखतावर साक्षीदार होती. नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिनं निशाणी केली, तिच्या आजोबांसारखी.